लोकप्रतिनिधीच्या कपाटाला पोलिसांचा हात लागावा की नाही?

तळ्यातमळ्यात

जेवताना घरात वाजलं, म्हणून हा धागा. आमचे चिरंजीव कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. कॉलेजात त्यांना एक अमेरिकन खटला शिकवला आणि त्यावरून भात निवेपर्यंत आमची जुंपली.

खटला असा. विल्यम जेफरसन, लुइझियानाचे खासदार. एफबीआयच्या खबरी बाईने जुलै २००५मध्ये त्यांना एक लाख डॉलर रोख भरलेली ब्रीफकेस दिली. नायजेरियातल्या एका बड्या पुढाऱ्याला पोचवायची होती म्हणे. चारच दिवसांत घराची झडती झाली, तेव्हा त्यातले नव्वद हजार फ्रीजरमध्ये निघाले. फॉइलमध्ये गुंडाळून खाण्याच्या खोक्यांत कोंबलेले. (आपल्याकडे तांदळाचा डबा वापरतात. बाकी फरक काही नाही.)

इथवर कुणाची तक्रार नव्हती. तक्रार झाली ती पुढे. ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का ते ठरवणारं तिकडचं नागरिकांचं मंडळ) समन्स काढून त्यांच्या संसदेतल्या ऑफिसचे कागद मागितले, ते कित्येक महिने मिळेनात. शेवटी न्यायाधीशाकडून वॉरंट घेऊन २० मे २००६ला, शनिवारी संध्याकाळी, एफबीआय रेबर्न इमारतीतल्या २११३ नंबरच्या खोलीत शिरली. तिकडे संसद सुरू झाल्यापासूनच्या दोनशेहून जास्त वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

मग गंमत बघा. सभापती हॅस्टर्ट रिपब्लिकन, जेफरसन डेमोक्रॅट. एरवी विस्तव जात नाही. पण हॅस्टर्ट आणि विरोधी बाकावरच्या नॅन्सी पेलोसी यांनी मिळून पत्रक काढलं, की कागद परत करा. अध्यक्ष बुश यांनी सगळे कागद ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितले, तेव्हा कुठे जरा शांत झालं.

माझं म्हणणं सरळ आहे. तलाठ्याच्या टेबलाचा खण लाचलुचपतवाले उघडतात, तर खासदाराचं कपाट काय देव्हारा आहे? चिरंजीव म्हणतात, "बाबा, कपाट कुणाचं ते सोडा. उघडणारा कुणाच्या हुकमाखाली आहे ते बघा." मी आमटी वाढून त्याला गप्प केलं. तुम्ही सांगा.

झणझणीत

यात चर्चा काय करायची? चोर तो चोर.

काही वर्षांपूर्वी एका खात्याची माणसं माझ्या दुकानात आली होती. गल्ला, वह्या, माळा, सगळं उचकटलं. बायकोने दिलेला जेवणाचा डबासुद्धा उघडून बघितला. मला तेव्हा कुठलं कलम वाचवायला आलं नाही. 'विशेषाधिकार' हा शब्द ऐकला की म्हणून माझं डोकं फिरतं.

आणि दोन्ही पक्ष एक झाले, यातच सगळं आलं. पगारवाढीचं विधेयक आणि झडती, एवढ्या दोनच वेळी यांचं एकमत होतं.

एडिसनची_मावशी

मी तेव्हा इथे अमेरिकेतच होते. ऑफिसात दुपारी कुणी फ्रीज उघडला की 'कोल्ड कॅश'चा विनोद व्हायचाच. सगळ्यांना फ्रीजर तेवढा आठवतो. झडती कशी झाली ते कुणी सांगत नाही.

अठरा तास चालली. संसदेचा स्वतःचा वकील धावत आला, त्याला दाराबाहेर उभं केलं. जेफरसनच्या वकिलालाही आत घेतलं नाही. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कच्या पूर्ण प्रती करून नेल्या. वॉरंट भले ठराविक कागदांचं असेल, डिस्कमध्ये सगळंच असतं ना? मतदारांची पत्रं, विधेयकांचे कच्चे मसुदे, कुठल्या अधिकाऱ्याने गुपचूप काय सांगितलं ते.

झणझणीत, तुमच्या दुकानात आलेल्या माणसांवर देखरेख ठेवायचं काम तुमच्याकडे नव्हतं. इथे ते होतं. त्याआधी पाचच महिने, डिसेंबर २००५मध्ये, बुश सरकार वॉरंटशिवाय लोकांची संभाषणं ऐकतंय अशी बातमी फुटली होती. त्याचा जाब विचारायचा कुणी? याच खासदारांनी. आणि त्यांच्याच कपाटात हात कुणाचा? ज्यांना जाब विचारायचा त्यांच्या माणसांचा.

जेफरसन धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाहीये. झडतीनंतर, डिसेंबर २००६मध्ये, न्यू ऑर्लिन्सने त्याला पुन्हा निवडून दिलं, त्यावर तर काही न बोललेलंच बरं.

गावठी_वकील

निकाल काय लागला ते कुणीच सांगेना, म्हणून लिहितो.

अमेरिकन घटनेत एक कलम आहे, की सभागृहातल्या भाषणाबद्दल किंवा चर्चेबद्दल सदस्याला बाहेर कुठेही जाब विचारता येणार नाही. मूळ इंग्लंडचं. १६४२मध्ये पहिला चार्ल्स राजा सैनिक घेऊन पाच सदस्यांना धरायला थेट सभागृहात घुसला होता. तेव्हापासूनची ही ठसठस.

ज्या न्यायाधीशाने वॉरंट दिलं होतं, त्यांनीच झडती कायदेशीर ठरवली. ऑगस्ट २००७मध्ये अपिलात मात्र वेगळं झालं. नीट वाचा, कारण दोन्ही बाजू अर्धाच निकाल सांगतात. वॉरंट घेऊन खोलीत शिरण्याला कोर्टाने मनाई केली नाही. चूक कुठे काढली? 'हा कागद माझ्या संसदीय कामाचा आहे' असं म्हणायची संधी सदस्याला न देता सरकारच्या माणसांनी कागद वाचले, तिथे. एफबीआयने चाळणीसाठी वेगळी टीम नेमली होती, पण ती टीमही सरकारचीच. ज्यांच्यापासून कागद लपवायचा, त्यांच्यातल्याच तिघांना तो आधी दाखवायचा, असा प्रकार. त्यामुळे संसदीय कामाचे कागद परत गेले, बाकीचे सरकारकडे राहिले. २००८च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

कागद परत गेले म्हणून चोर सुटला का? नाही. ऑगस्ट २००९मध्ये १६पैकी ११ आरोप सिद्ध झाले, तेरा वर्षांची शिक्षा झाली. ज्या फ्रीजरवरून एवढा बोभाटा झाला, त्या नायजेरियन लाचेच्या मुख्य आरोपातून मात्र ज्युरीने त्याला सोडलं. पुढे २०१६मध्ये सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच एका खटल्यात लाचेची व्याख्या आवळली आणि तिच्या आधारावर २०१७मध्ये तो बाहेर आला. त्याचा झडतीशी संबंध नाही.

आणि २०११मध्ये तिकडच्याच दुसऱ्या एका अपील कोर्टाने, पश्चिमेकडच्या, उलटं म्हटलं: कागद वाचायलाच बंदी असा काही हक्क नाही, तो पुरावा म्हणून वापरायला बंदी आहे. म्हणजे भांडण मिटलेलं नाही.

झणझणीत

म्हणजे चोराला विचारायचं, बाबा रे, यातला कुठला माल चोरीचा?

गावठी_वकील

नाही हो. तो फक्त दावा करणार. खरं-खोटं न्यायाधीश बंद खोलीत कागद बघून ठरवणार. कागद सील होऊन कोर्टात जातात, घरी नाही.

माजी_पीए

सात वर्षं एका आमदाराचा पीए होतो. पक्ष आणि मतदारसंघ विचारू नका, सांगणार नाही.

तुम्ही सगळे कपाट कपाट करताय, म्हणून आमचं कपाट सांगतो. जनसंपर्क कार्यालय म्हणजे बाजारपेठेतला गाळा. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे पार्टिशन, त्यामागे लोखंडी कपाट. वरच्या कप्प्यात बदल्यांसाठी दिलेल्या शिफारसपत्रांच्या स्थळप्रती. मधल्यात लोकांची निवेदनं, गावांप्रमाणे गठ्ठे बांधून. खाली सत्काराच्या शाली, सुकलेले नारळ आणि दोन वर्षांच्या लग्नपत्रिका. टेबलाच्या खणात साहेबांची सही असलेली कोरी लेटरहेड्स. (झणझणीत, घ्या, खूश व्हा.)

एकदा एक बाई आल्या. वस्तीवरच्या. पोराला चौकीत नेऊन मारलं होतं, डाव्या हाताची दोन बोटं हलत नव्हती. अर्ज शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेला, दुरेघी वहीच्या पानावर, निळ्या पेनाने. खाली अंगठा. त्यात हवालदाराचं नाव होतं. मी म्हटलं, बाई, वरच्या साहेबांच्या कचेरीत द्या. तर म्हणाल्या, "तिथं दिलं की संध्याकाळी चौकीत कळतं. तुमच्यापाशी ठेवा." मी आवक रजिस्टरला नोंद केली, अर्ज मधल्या कप्प्यात ठेवला. साहेबांनी त्यावर विधानसभेत तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) टाकला. बाईंचं नाव न घालता, तालुक्याचं नाव घालून.

आता सांगा. साहेबांवर समजा जमिनीचा काही गुन्हा दाखल झाला आणि पंचनामा करायला त्याच तालुक्याचे पोलीस आले. साहेबांचं काय व्हायचं ते होवो. ते आवक रजिस्टर कोण चाळणार? आमचं रजिस्टर म्हणजे तालुक्यात पोलिसांविरुद्ध, तहसीलविरुद्ध कोण कोण बोललं त्याची यादीच. तारीख-वारासकट.

आणि साहेबांना संत करायचं नाही म्हणून हेही लिहितो. पाकिटंही मी बघितली आहेत. ती कपाटात कधीच नसायची. डिकीत असायची.

झणझणीत

बाईंचं पत्र पटलं. खरंच पटलं.

पण पीएभाऊ, त्या बाईच्या अर्जाआड तुमचे साहेब लपतात, त्याचं काय? उद्या प्रत्येक आमदार आपल्या जमिनीच्या फायलीवर दोन निवेदनं ठेवेल आणि म्हणेल, हात लावू नका, गरिबांचे कागद आहेत. माझ्याही दुकानात उधारीची वही होती. गावातल्या निम्म्या घरांची लाज त्या वहीत. ती नेली तेव्हा न्यायाधीश बंद खोलीत बसला नव्हता. सामान्य माणसाला एक पद्धत आणि यांना दुसरी, हेच मला खुपतं. द्यायची तर दोघांना द्या.

कोथरूड_ते_क्रॉयडन

या वादात इंग्लंड राहून गेलं. नोव्हेंबर २००८, खासदार डेमियन ग्रीन. लाच नाही, काही नाही. गृहखात्यातून फुटलेली माहिती त्यांनी बाहेर आणली, एवढाच मामला. पोलिसांनी अटक केली आणि संसदेतलं ऑफिस झडलं, तेही वॉरंटशिवाय. संसदेच्या सुरक्षेच्या प्रमुख अधिकारी बाईंनी संमतीच्या कागदावर सही केली, झालं. एप्रिल २००९मध्ये ठरलं की खटला भरण्यासारखं काही नाही.

संपलं? छे. २०१७मध्ये ग्रीन मोठ्या मंत्रिपदावर होते, तेव्हा जुन्या तपासातले निवृत्त पोलीस पुढे आले आणि म्हणाले, त्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आम्हाला अश्लील चित्रं सापडली होती. ग्रीन यांनी आपण ती उतरवली किंवा पाहिली नाहीत असं सांगितलं. पण पोलिसांनी याबद्दल आपल्याला कधीच कळवलं नव्हतं, हे त्यांचं विधान दिशाभूल करणारं ठरलं आणि पद गेलं. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल काय वाटायचं ते वाटो. पण शोधायला गेले फुटलेले कागद, आणि वापर झाला नऊ वर्षांनी, भलत्याच गोष्टीचा.

तळ्यातमळ्यात

चिरंजीव मागे उभे राहून वाचतायत आणि दात काढतायत.

देव्हारा नाही हे माझं मत कायम. दार उघडलंच पाहिजे. पण दार उघडणं आणि कागद वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या डोक्यात नव्हतं, ते कबूल. वकीलसाहेब, पीएभाऊंच्या त्या गाळ्याला आपल्याकडे काय संरक्षण आहे?

गावठी_वकील

एका शब्दात सांगायचं तर काही नाही.

राज्यघटनेचं कलम १०५ खासदारांना आणि १९४ आमदारांना सभागृहातल्या बोलण्यासाठी आणि मतासाठी संरक्षण देतं. मत देण्यासाठी पैसे घेतले तर त्यालाही संरक्षण, असा १९९८चा नरसिंह राव खटल्याचा निकाल होता. तो ४ मार्च २०२४ला सात न्यायमूर्तींनी सीता सोरेन प्रकरणात मोडीत काढला. फार बरं झालं. केरळ विधानसभेत आमदारांनी २०१५मध्ये जो धुडगूस घातला, त्याबद्दलही सुप्रीम कोर्टाने २०२१मध्ये सांगितलं की विशेषाधिकार म्हणजे सर्वसाधारण कायद्यातून सुटका नव्हे.

झडतीबद्दल लोकसभेचे नियम २३२ आणि २३३ बघा. सभागृहाच्या आवारात अध्यक्षांच्या परवानगीशिवाय अटक नाही, कोर्टाच्या हुकमाची बजावणीही नाही. म्हणजे तिकडे हक्क सदस्याचा आहे, इकडे किल्ली अध्यक्षांच्या खिशात. आणि अध्यक्ष बहुधा कुठल्या बाकांवरून येतात ते तुम्हाला माहीत आहे. आवाराबाहेरचा गाळा तर झणझणीत यांच्या दुकानासारखाच. ईडीला मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याच्या कलम १७खाली कोर्टाचं वॉरंटही लागत नाही, अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवली की पुरतं. १ जुलै २०२४पासून फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या संहितेत पोलिसांना झडतीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं झालंय. त्याने पुरावा पेरला का ते कळेल. रजिस्टर कुणी वाचलं ते कळणार नाही.

झणझणीत, उधारीच्या वहीबद्दल तुमच्याशी सहमत. भांडायचं तर त्यासाठी भांडू.

एडिसनची_मावशी

अवांतर: पत्रक काढणारे ते सभापती हॅस्टर्ट पुढे स्वतःच तुरुंगात गेले. बँकेतून पैसे काढताना नोंद होऊ नये म्हणून तुकड्यातुकड्यांनी काढले, आणि मागचं कारण त्याहून किळसवाणं निघालं. २०१६मध्ये पंधरा महिने.

पीएदादा, त्या प्रश्नाचं पुढे काय झालं? पोराची बोटं?

माजी_पीए

प्रश्नाची पाळी आली नाही, त्या दिवशी सभागृह गोंधळात तहकूब झालं. लेखी उत्तर छापून आलं. पहिल्या भागापुढे 'हे खरे नाही'. दुसऱ्या भागापुढे 'प्रश्न उद्भवत नाही'.

पोरगा आता टेम्पो चालवतो. आपल्याकडे गिअर डाव्या हातानेच टाकायला लागतो, तरी चालवतो. साहेब मागच्या वेळी पडले. गाळा त्यांचाच आहे, कपाटही तिथेच असणार. किल्ली मी नव्या पीएला दिली, तो कुणाचा कोण मला माहीत नाही.