मदत हवी आहे: आयपी सोर्स गार्ड लावताच सगळ्या पोर्टचं नेट बंद

प्रश्न:
स्विच सिस्को कॅटालिस्ट ३७५०, व्हीलॅन २० (स्विचवर वेगळा केलेला आभासी नेटवर्क-गट). काही जण पीसीवर हाताने आयपी टाकतात. दोनदा गेटवेचाच (बाहेरची वाट असलेल्या राउटरचा) पत्ता, १०.२०.०.१, टाकला गेला आणि अख्खं व्हीलॅन बसलं. पोर्ट सिक्युरिटी आहे, पण ती फक्त मॅक (नेटवर्क कार्डचा हार्डवेअर पत्ता) बघते. म्हणून डीएचसीपी स्नूपिंग (आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीचे संदेश बघून कोणत्या पोर्टवर कोणता पत्ता याचं टेबल ठेवणं) ग्लोबल मोडमध्ये आणि व्हीलॅन २० वर चालू केलं, अपलिंक पोर्ट २४ (राउटरकडे जाणारा) ट्रस्ट केला, म्हणजे विश्वासाचा ठरवला, आणि १ ते २३ वर सोर्स गार्डची ‘आयपी व्हेरिफाय सोर्स’ ही कमांड टाकली. लगेच सगळे बंद. केबल काढून लावली तरी पीसीला पत्ता मिळत नाही. डीएचसीपी सर्व्हर सिस्कोच्याच राउटरवर आहे. २३ वर प्रिंटर आहे, स्थिर पत्त्याचा.

प्रतिसाद १:
‘शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग बाइंडिंग’ बघा, रिकामं असेल. आधी दिलेल्या लीज (मुदतीने दिलेले पत्ते) स्विचला माहीत नसतात. स्नूपिंग चालू झाल्यावर जी देवाणघेवाण होते तेवढीच टेबलात येते, आणि टेबलात नोंद नसलेल्या पोर्टवर सोर्स गार्ड डीएचसीपी सोडून सगळं आयपी अडवतो.

नवीन पत्ताही मिळत नाही, याचं कारण बहुधा ऑप्शन ८२ (विनंती कोणत्या पोर्टवरून आली ही जोडमाहिती). स्विच तो आपणहून विनंतीत घालतो, पण रिले पत्त्याची (विनंती पुढे पाठवणाऱ्या मधल्या उपकरणाच्या पत्त्याची) जागा शून्यच राहते, आणि सिस्कोचा राउटर अशी विनंती टाकून देतो. स्विचवर ‘नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन’ द्या.

आता सोर्स गार्ड सगळीकडून काढा, पीसींना लीज रिन्यू करू द्या, टेबल भरलं की चार-पाच पोर्टवर लावून बघा. प्रिंटरची नोंद ‘आयपी सोर्स बाइंडिंग’ने हाताने करावी लागेल: मॅक, व्हीलॅन, आयपी, इंटरफेस, याच क्रमाने.

प्रतिसाद २:
वरचं सगळं बरोबर, पण मूळ दुखणं त्याने जाणार नाही! सोर्स गार्ड आयपी पॅकेट गाळतो, एआरपी (‘या आयपीचा मॅक कोणता’ हे विचारणारे-सांगणारे संदेश) नाही. १०.२०.०.१ टाकलेला पीसी ‘गेटवे मीच’ असं एआरपी उत्तर देतच राहील आणि बाकीच्यांचा ट्रॅफिक त्याच्याकडे जाईल. त्यासाठी एआरपी संदेश टेबलाशी ताडून बघणारं ‘आयपी एआरपी इन्स्पेक्शन व्हीलॅन २०’ हवंच. त्याआधी पोर्ट २४ वर ‘आयपी एआरपी इन्स्पेक्शन ट्रस्ट’ द्या. डीएचसीपीचा ट्रस्ट इथे चालत नाही, हा वेगळा द्यावा लागतो. विसरलात तर खऱ्या गेटवेचं उत्तरही अडेल. प्रिंटरसाठी एआरपी अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये आयपी-मॅक जोडी लिहा आणि ती ‘आयपी एआरपी इन्स्पेक्शन फिल्टर’ने व्हीलॅनला जोडा.

प्रश्नकर्ता:
ऑप्शन ८२ च होता, पत्ते मिळू लागले. इन्स्पेक्शनही लावलं, पण पोर्ट ७ एरर-डिसेबल झाला, म्हणजे स्विचनेच तो बंद केला. त्याला साधा आठ पोर्टचा स्विच जोडलाय.

प्रतिसाद २:
अनट्रस्टेड पोर्टची मर्यादा सेकंदाला १५ एआरपी असते. मागे अनेक पीसी असले की ती सहज ओलांडते. त्या पोर्टवर ‘आयपी एआरपी इन्स्पेक्शन लिमिट रेट ५०’ द्या. तो पोर्ट ट्रस्ट मात्र करू नका, तिथल्या पीसींची तपासणीच थांबेल. ‘एररडिसेबल रिकव्हरी कॉज एआरपी-इन्स्पेक्शन’ चालू केलंत की पोर्ट ३०० सेकंदांनी आपोआप परत येतो.

प्रतिसाद १:
आणि ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग डेटाबेस’ला फ्लॅशमधली फाइल द्या. नाहीतर स्विच रीस्टार्ट होताच टेबल पुसलं जाईल आणि पहिल्या दिवसासारखे सगळे पुन्हा अडकतील.