सोन्याला ‘पैसा’ म्हणावं का?

पानगळ :
एका वाक्यापाशी तीन दिवस अडले आहे, मदत हवी. मुलांच्या मासिकासाठी इंग्रजीतून एक लेख मराठीत करते आहे. जगात इतके धातू असताना सोन्यालाच पैशाचा मान का मिळाला, हा विषय. माझं पहिलं वाक्य होतं, ‘माणसं सोनं पैसा म्हणून वापरू लागली.’ संपादकांनी ते खोडून ‘सुवर्णाचा मुद्रा म्हणून उपयोग होऊ लागला’ असं केलं. चौथीतल्या मुलाला मुद्रा म्हटलं की नाचातली मुद्रा आठवेल, म्हणून मी माझा हट्ट सोडला नाही. काल रात्री दोन्ही वाक्यं आईला वाचून दाखवली. ती 81 वर्षांची आहे. म्हणाली, “दोन्ही चूक. सोनं कुठं पैसा असतं? सोनं मोडायचं, पैसा खर्चायचा.” तेव्हापासून मला माझंच वाक्य खोटं वाटायला लागलं आहे.

मूळ लेखात मनी, करन्सी आणि कॉइन असे तीन वेगळे शब्द आहेत. कॉइनला नाणं, करन्सीला चलन, एवढं ठरलं. मनीला काय? आणि सोन्याबद्दल बोलताना ‘पैसा’ चालेल का?

शुद्धमती :
आईंचं बरोबर आहे. पैसा हे एका विशिष्ट नाण्याचं नाव, आणि ते नाणं तांब्याचं. 1957 च्या आधी चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे पैसा हा रुपयाचा चौसष्टावा भाग. तांब्याच्या नाण्याचं नाव सोन्याला कसं द्यायचं? ‘द्रव्य’ हा शब्द आपल्याकडे आहे. द्रव्यलोभ, द्रव्यसाहाय्य आजही सगळ्यांना कळतं. तोच घ्या.

करवंद :
द्रव्य कृपा करून नको. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांच्या डोक्यात द्रव्य म्हणजे स्थायू, द्रव, वायू. ‘सोनं द्रव्य म्हणून वापरू लागले’ वाचलं तर मुलं विचारतील, आधी काय होतं?

कारवारी :
शुद्धमतींनी तांब्याचा मुद्दा काढलाच आहे तर तो पुढे नेतो. आमच्या घरी कोकणी. आम्ही पैशांना दुडू म्हणतो. हा कानडीतला दुड्डु, आणि दुड्डु म्हणजे मुळात तांब्याचं लहान नाणं. तेलुगूत पैशाला डब्बु म्हणतात. आपला ढबू पैसा त्याचाच भाऊ, तोही तांब्याचा. म्हणजे मराठी, कोकणी, कानडी, तेलुगू या चारही शेजारणींनी पैशासाठी रोजचा शब्द निवडताना सोन्याकडे पाहिलंच नाही. बाजारात हाताला लागायचं ते तांबं, त्याचंच नाव उचललं.

आणि सोन्यावरून आलेला शब्द कुठला, तर होन, सोन्याचं जुनं नाणं. कानडीत होन्नु म्हणजे सोनं, तमिळमध्ये पोन्. तो आज बखरींत आणि चौथीच्या इतिहासात राहिला आहे.

जाता जाता, आमच्याकडे सोन्याला भांगार म्हणतात. आजी लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला गेली तेव्हा सकाळी गल्लीतून ‘भंगाऽऽर’ अशी आरोळी आली. ती धावत खिडकीत गेली. या शहरात सोनं हातगाडीवर येतं, असं तिला क्षणभर खरंच वाटलं होतं. ही गोष्ट ती शेवटपर्यंत सांगायची.

करवंद :
मग भांगार आणि भंगार एकच का? एकाच शब्दाचे दोन टोकाचे अर्थ झाले असतील का?

कारवारी :
मला नाही वाटत. भांगार हा संस्कृत भृंगारावरून आला असावा, त्याचा एक अर्थ सोनं असाच आहे. भंगार सरळ ‘भंग’मधून, मोडलेलं ते.

सोनारवाडा :
शब्दाचं तुम्ही जाणते लोक बघा. ‘का’ एवढं मी सांगतो, कारण आमच्या चार पिढ्या याच धातूवर जगल्या.

अनोळखी माणूस तुमच्या दारात येऊन पिवळी वस्तू पुढे करतो. तुम्हाला लगेच कळलं पाहिजे, खरी की खोटी. लोकांना हे नीट समजत नाही. सोन्याची परीक्षा सोपी आहे, स्वस्त आहे आणि कुठल्याही गावात करता येते. काळा कसोटीचा दगड घ्यायचा, त्यावर वस्तू घासून रेघ ओढायची, शेजारी ठरलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्ही रंग जुळवायचे. वरून तेजाबाचा, म्हणजे आम्लाचा, थेंब. पितळेची रेघ जागच्या जागी विरते, सोन्याची तशीच राहते. वडील मला दहाव्या वर्षी हे शिकवायला बसले होते. रेघ दिव्याखाली न बघता दाराच्या उजेडात बघायची, हे त्यांनी सांगितलं होतं. आजही मी दारातच जातो.

दुसरी परीक्षा तळहाताची. सोनं पाण्याच्या 19.3 पट जड. शिसं 11.3 पट, चांदी 10.5 पट. तेवढ्याच आकाराची खोटी वस्तू हातात घेतली की हात सांगतो.

लोखंड गंजतं, तांब्याला हिरवा कळंक चढतो, चांदी काळी पडते. हंड्यात पुरलेलं सोनं पणतवाला सापडलं तरी पुरलं तसंच निघतं. तुकडे करा, मुशीत घालून पुन्हा आटवा, वजन तेवढंच आणि मोलही तेवढंच. हिऱ्याचे तुकडे केले तर मोल गेलं. सोनं 1064 अंशांना वितळतं, कोळशाच्या भट्टीला आणि फुंकणीला हे जमतं. प्लॅटिनमही गंजत नाही, पण त्याला 1768 अंश लागतात, जुन्या काळी ते कोण आटवणार?

आणि सोनं मऊ आहे. त्याचा फाळ होत नाही, कुऱ्हाड होत नाही. त्यामुळे ते तिजोरीत पडून राहिलं तरी शेत अडत नाही. लोखंडाचा पैसा केला असता तर दुष्काळात लोकांनी पैसे वितळवून विळे केले असते.

आता तुमच्यासाठी दोन शब्द. कसोटी आणि निकष, दोन्ही या दगडाचीच नावं. माणसाची परीक्षा घ्यायला भाषेनं आमच्या दुकानातून शब्द नेले. सराफ म्हणजे अरबीत नाणी बदलून देणारा, आणि आज मराठीत सोन्याचा दुकानदार. गावगाड्यात सोनारच पोतदारी करायचा, साऱ्यात भरलेलं नाणं खरं की खोटं ते तो सांगायचा. तेव्हा सोनं आणि पैसा हे वेगळे होते असं मला तरी वाटत नाही. एकाच माणसाच्या हाताखालून दोन्ही जायचे.

पानगळ :
सोनारवाडा, हे मुलांच्या लेखात तुमच्या शब्दांत घालू का? दाराच्या उजेडाचं तर नक्कीच घालायचं आहे.

सोनारवाडा :
घाला, पण तेजाब घरी हाताळू नये हेही लिहा.

जुनं_दप्तर :
कारवारींनी होनाचा उल्लेख केला, तिथेच उत्तर दडलं आहे असं मला वाटतं. सोन्याच्या नाण्यांची दोन नावं आपल्याला माहीत आहेत. होन म्हणजे नुसतं सोनं, ते नाव धातूवरून आलं. मोहोर फारसी ‘मुहर’वरून, म्हणजे शिक्का, ठसा, ते नाव छापावरून आलं. पैसा कशानं होतो, धातूनं की छापानं, हा अर्थशास्त्रातला जुना वाद या दोन शब्दांत उभा आहे. शिवरायांचा होन घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. नाव धातूचं, अधिकार अक्षरांचा.

रुपयाचीही तीच गत. सगळे समजतात की रुपं म्हणजे चांदी, त्यावरून रुपया. पण पाणिनी ‘रूपादाहतप्रशंसयोर्यप्’ या सूत्रात ‘रूप्य’ आहत, म्हणजे ठोकलेल्या वस्तूला देतो. आधी ठसा, मग चांदी.

आणि निष्क. ऋग्वेदात रुद्राच्या अंगावर निष्क आहे, तो दागिना, गळ्यातला. कक्षीवान ऋषीला राजाकडून 100 निष्क दान मिळतात, तिथे तो मोजून द्यायची वस्तू होतो. पुढे 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांच्या कोष्टकात 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म आणि 16 द्रम्मांचा निष्क. म्हणजे एका निष्काच्या 20,480 कवड्या. दागिना ते हिशेबाचं एकक, असा एका शब्दाचा प्रवास. सोनं आधी गळ्यात होतं, मग गल्ल्यात आलं. कवडीनं मीठ-भाजी घ्यायची, निष्कानं नाही. पैसा हा शब्द त्या कवडीच्या टोकाचा आहे, म्हणून आईंना तो खटकला.

करवंद :
मोहोर फारसी? आमचे आजोबा सांगायचे, आंब्याच्या मोहरासारखी पिवळी म्हणून मोहोर. मला हे फार आवडतं आणि मी वर्गातही सांगत आले आहे.

जुनं_दप्तर :
आवडण्यासारखंच आहे, पण वर्गात सांगू नका. आंब्याचा मोहर संस्कृत मुकुल-मुकुर यांच्याकडून येतो. नाण्याचा फारसीतून. मोहोरबंद लिफाफ्यात आंबा नसतो, लाखेचा ठसा असतो.

शुद्धमती :
म्हणजे मोहोर फारसी, सराफ अरबी, ‘दाम’ तर थेट ग्रीक द्राख्मावरून, द्रम्म होऊन आलेला. हे सगळं चालतं आणि ‘द्रव्य’ मात्र मुलांना जड? आपण मुलांना आपल्याच शब्दांपासून दूर नेतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोनदा वाचलं की शब्द कळतो. आम्हाला कळलेच ना?

जुनं_दप्तर :
शुद्धमती, तुमची कळकळ मला मान्य आहे. पण ‘नाणं’ तरी कुठून आलं? एक मत असं की कुषाणांच्या नाण्यांवर नना देवी असायची, तिच्यावरून नाणक. ती पश्चिम आशियातली. दाम तर दोन हजार वर्षांमागे आला, दामदुप्पट म्हणताना कुणाला ग्रीस आठवतो?

शुद्धमती :
नना देवीचं मत मला पटत नाही. एका देवीवरून सगळ्या नाण्यांचं नाव पडेल?

नाशिककर :
उशिरा येतोय. आमच्या पांडवलेण्यांचा दाखला कुणी दिला नाही म्हणून लिहितो. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात 70,000 कार्षापण नाण्यांचं दान आहे आणि पुढे स्पष्ट लिहिलंय, 35 कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणून हे 2000 सुवर्णांचं मोल. कार्षापण चांदीचे. नहपानाची नाणी चांदीची, सातवाहनांची शिशाची, पोटीन या मिश्रधातूची, थोडी चांदीची. सोन्याची नाणी ना याची ना त्यांची. तरी हिशेब सोन्यात मांडला! मोजायला सोनं, द्यायला चांदी. त्याच काळात रोमची सोन्या-चांदीची नाणी भडोचच्या बंदरात उतरत होती आणि इथल्या नाण्यांशी बदलताना नफा सुटत होता. परक्याशी व्यवहार करायला सोनं, कारण परक्याचा राजा आपला नसतो, त्याचा छाप आपल्याला ठाऊक नसतो, पण धातू ठाऊक असतो.

आणि छाप कसा बदलतो तेही आमच्याकडे आहे. 1906 साली जोगळटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली, नहपानाची. त्यांतल्या बऱ्याचशा नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप वरून मारला आहे. राजा गेला, चांदी तीच.

मला वाटतं पानगळ यांनी ‘मोल’ हा शब्द घ्यावा. लेण्यात तोच आहे.

करवंद :
‘सोनं मोल म्हणून वापरू लागले’? हे मराठी नाही हो.

पानगळ :
तुम्हा सगळ्यांची वाक्यं आईला वाचून दाखवते आहे. निष्काचं ऐकून ती उठली आणि डबा घेऊन आली. त्यात तिच्या आईच्या पुतळ्यांच्या माळेतल्या दोन पुतळ्या आहेत. मी त्यांना नेहमी देवीच्या मूर्ती समजत होते. भिंगातून पाहिलं तर एक उभा माणूस आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला दुसरा.

जुनं_दप्तर :
हा व्हेनिसच्या डुकाटचा नमुना. तिथे 1284 पासून पाडला जात होता, साडेतीन ग्रॅमचा, जवळजवळ शुद्ध सोन्याचा. उभे आहेत ते संत मार्क, गुडघ्यावर आहे तो व्हेनिसचा प्रमुख. त्या दोन आकृत्यांमुळेच आपल्याकडे त्या नाण्याला पुतळी म्हणाले. पुढे सोनारांनी तशाच पुतळ्या दागिन्यासाठी घडवल्या, तुमच्या त्याही असतील. निष्क गळ्यातून गल्ल्यात गेला, पुतळी गल्ल्यातून गळ्यात आली.

सोनारवाडा :
ताई, त्या पुतळ्या मोडू नका.

पानगळ :
नाही मोडणार. पण वाक्य उद्या द्यायचं आहे. सध्या असं लिहिलं आहे, ‘माणसं सोनं देऊन-घेऊन व्यवहार करू लागली.’

शुद्धमती :
हे तर वस्तुविनिमयाचं वर्णन झालं. मनीचा अर्थ यात उरलाच नाही.

कारवारी :
मला एक वेगळाच प्रश्न पडलाय. आई म्हणाल्या सोनं ‘मोडायचं’. शंभराची नोटही आपण मोडतो, आणि सुट्या पैशांना कोल्हापूरकडे ‘मोड’च म्हणतात. दागिना मोडणं आणि नोट मोडणं, यातलं आधीचं कुठलं?

करवंद :
आमच्याकडे कडधान्याला येतात ते मोड. सुट्या पैशांना चिल्लर.

नाशिककर :
आमच्याकडे सुट्टे. आणि कारवारी, ढबू पैशाचं सांगितलंत, तर ढबू मिरचीचा त्याच्याशी काही संबंध आहे का?