शब्दचर्चा : ‘आंदोलन’, ‘चक्र’ की ‘आवर्तन’?

प्रश्न : विषुववृत्तावरील स्थितांबरात (वातावरणाच्या वरच्या थरात), साधारणतः १६ ते ५० किलोमीटर उंचीवर, वारे काही काळ पूर्वेकडून व नंतर काही काळ पश्चिमेकडून वाहतात आणि हा फेरा सरासरी २८ महिन्यांत पूर्ण होतो. इंग्रजीत त्यास ‘क्वासी-बायेनियल ऑसिलेशन’, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचा हेलकावा, म्हणतात. एका अनुवादात त्यास ‘अर्ध-द्वैवार्षिक आंदोलन’ म्हटले असून ‘त्यामुळे हिवाळा कडक होतो’ असेही पुढे लिहिले आहे. ही शब्दयोजना योग्य आहे काय?

उत्तर : ‘अर्ध’ येथे अनर्थ करतो, कारण दोन वर्षांचे अर्धे म्हणजे एक वर्ष, असाच हिशेब वाचक करील. ‘मृतकल्प’मधील ‘कल्प’ हा ‘जवळजवळ’ सांगणारा प्रत्यय अर्थाने चपखल आहे, पण ‘द्वैवार्षिककल्प’ म्हणताना दम लागतो. ‘आंदोलन’ परिभाषेत रूढ असले तरी मुंबईत ते ऐकताच आझाद मैदान आठवते, आणि ‘चक्र’ म्हणावे तर चक्रीवादळाचा भास होतो. मला ‘आवर्तन’ सुचते. तबल्याचे आवर्तन नेमके समेवर येते, तसे हे येत नाही. कालव्याच्या पाण्याचे आवर्तन जसे मागेपुढे होते, तसे हे कधी २२ तर कधी ३४ महिने घेते. २०१६च्या आरंभी तर पश्चिमेकडून वाहणाऱ्या थरात मध्येच पूर्वेकडून वारे शिरले आणि क्रमच मोडला.

प्रतिसाद : ‘आवर्तन’ मान्य आहे, त्याआधी ‘दोन-अडीच वर्षांचे’ एवढेच लावावे, कारण हवा तेवढा सैलपणा त्या मोजणीतच आहे. खरा आक्षेप ‘त्यामुळे’ या शब्दाला हवा. हवामानशास्त्रज्ञ हॉल्टन व टॅन यांनी १९८० मध्ये दाखवलेला संबंध असा : विषुववृत्तावर खालच्या स्थितांबरात वारे पूर्वेकडून असताना वर चढणाऱ्या वातावरणातील मोठ्या लहरी ध्रुवाकडे अधिक वळतात, उत्तर ध्रुवाभोवती फिरणाऱ्या थंड हवेचा भोवरा दुबळा होण्याचा संभव वाढतो, आणि तो ढासळलाच तर पुढील काही आठवड्यांत युरोपात किंवा अमेरिकेच्या पूर्व भागात थंडीची लाट येण्याची शक्यता वाढते. एवढ्या जर-तरला ‘कल’ म्हणावे, ‘कारण’ नव्हे. आपला गारठा बहुधा पश्चिमी झंझावात पुढे सरकल्यावर उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा असतो, सांताक्रूझच्या ७.४ अंशांच्या नोंदीपुढे (२२ जानेवारी १९६२) कोणी ‘आवर्तनामुळे’ असे लिहू नये. ‘पूर्वेचे वारे’ हेही टाळावे. मुंबईकराला ‘पूर्व’ म्हटले की स्टेशनची बाजू आठवते, म्हणून ‘पूर्वेकडून येणारे’ असेच लिहावे.