मदत हवी आहे: मोठ्या घरासाठी रविवारची शिफ्ट घ्यावी का?

सर्वांना जय ख्रिस्त.

आम्ही पिंपरीत वन बीएचके मध्ये राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं. म्हणून लिफ्ट असलेल्या टू बीएचकेचा विचार चालू आहे. पण त्याचा हप्ता भरायचा तर मिस्टरांना चाकणच्या कंपनीत रविवारची शिफ्ट घ्यावी लागेल, आणि दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग, जो चर्चला देतात) निम्म्यावर येईल. ते रविवारी चर्चच्या संडे स्कूलमधल्या मुलांना पेटीवर गाणी शिकवतात. मुलं त्यांच्यासाठी अर्धा तास आधीच येऊन बसतात. ते बंद होईल, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

दीर बायबलमधलं 1 तीमथ्य 5:8 दाखवतात: घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारतो. मला लूक 12 मधला, कोठारं मोडून मोठी बांधू पाहणारा धनवान आठवतो, ज्याला देव मूर्ख म्हणतो. नीतिसूत्रे 22:7 मध्ये ऋणको धनकोचा दास होतो असंही आहे. खरं सांगायचं तर गुडघे हे एकच कारण नाही, मलाही मोठं स्वयंपाकघर हवंय. गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते, तेच कळत नाही.

अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया सांगा: कर्ज असताना दशमांशाचं काय केलंत? रविवार एकदा सुटला की उपासनेची सवय मोडते का? तळमजल्यावर भाड्याने राहणं कुणी निवडलं आहे का? बुकिंगची रक्कम अजून भरलेली नाही. प्रार्थनेतही आठवण ठेवा.