मदत हवी आहे: बडोद्याहून आईला बंगळूरची लालबाग दाखवायची आहे, हातात एकच सकाळ

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीअखेर आम्ही धाकट्या बहिणीकडे बंगळूरला जातोय. आईचं वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. काठी घेऊन सपाट रस्त्यावर हळूहळू चालते, पण चढ आणि पायऱ्या जमत नाहीत. राजवाडा, मॉल, देवळं यांतलं काहीच तिला नको आहे. तिला फक्त लालबाग बघायची आहे.

आई इथे शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मुलांना कमाटीबागेत नेऊन झाडाखाली उभं करून शिकवण्यावर तिचा भर असे. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली केलेली ही बाग आम्हा दांडिया बाजारातल्यांना अंगणासारखीच. गुस्ताव हर्मन क्रुम्बिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू गार्डनमध्ये काम करून १८९३ साली बडोदा संस्थानच्या बागांवर आले. पुढे १९०८ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं आणि लालबाग त्यांच्याकडे आली. बंगळूरच्या रस्त्यांवर वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असावं अशा बेताने त्यांनी लावणी केली. आई म्हणते, "आपल्याकडून गेलेल्या माणसाने पुढे काय केलं ते एकदा डोळ्यांनी बघू दे."

नातेवाईक म्हणताहेत, २६ जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनालाच जा. तिथल्या ग्लास हाऊस या काचेच्या इमारतीतली आरास सुंदर असणार, पण त्या रेट्यात काठीवाल्या माणसाला नेणं मला पटत नाही. शिवाय आईला झाडं बघायची आहेत, आणि तीही थांबून, बुंध्याला हात लावून.

बाग २४० एकर आहे, म्हणजे सगळी होणार नाही हे उघड आहे. कुठल्या गेटने आत जावं? आत वाहन मिळतं का? झाडांवर शास्त्रीय नावांच्या पाट्या आहेत का? कन्नड आम्हाला येत नाही, शास्त्रीय नावं मात्र आईला तोंडपाठ आहेत. आणि बागेतला तो प्रसिद्ध खडक न चढता बघता येतो का?

बकुळफूल (बंगळूर):
ताई, जानेवारी टाळलात ते उत्तम केलंत. पुष्पप्रदर्शनात, जानेवारी असो वा ऑगस्ट, झाडांपेक्षा माणसंच जास्त दिसतात.

मेट्रोच्या ग्रीन लाइनवर लालबाग स्टेशन आहे, लिफ्ट आहे, आणि वेस्ट गेट तिथून जवळ पडतं. आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या फिरतात, वयस्कर माणसांना त्यांचा मोठा आधार. पण आधी गाडीने पूर्ण फेरी मारून "झालं बघून" असं करू नका. गाडीने झाडापर्यंत जा आणि तिथे निवांत बसा.

माझ्या मते आईंसाठी सगळ्यात आधी पांढऱ्या सावरीचा जुना वृक्ष. त्याची आधारमुळं भिंतीसारखी उभी आहेत, जीवशास्त्राच्या बाईंना तिथून उठवणं कठीण जाईल! मग उंच सरळसोट अरोकेरियाची झाडं, आणि ग्लास हाऊस, १८८९-९० मधलं. तळं राहिलं तरी चालेल.

शास्त्रीय नावांच्या पाट्या बऱ्याच झाडांवर आहेत. खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा, वर बंगळूर वसवणाऱ्या केम्पेगौडांचा बुरूज. तो खालून बघा, पायथ्याशी दगडाला हात लावता येतो, चढायची गरज नाही. फेब्रुवारीअखेरीस गुलाबी फुलांचा टॅबेबुया वृक्ष फुललेला असण्याची शक्यता चांगली. सकाळी लवकर या, हवा गार असते, आईंना शाल लागेल.

विश्वामित्रीकाठ (बडोदा):
निघण्याआधी आईंना लक्ष्मीविलास राजवाड्याची बाग पुन्हा एकदा दाखवून आणा. तिची आखणी विल्यम गोल्डरिंग यांची, तेही क्यूमध्ये काम केलेले. दोन्ही बागा महिन्याभरात पाहिल्या तर आईंनाच तुलना करता येईल, आणि ती इथे लिहायला सांगा. आम्हाला वाचायची आहे.

धागालेखिका:
बकुळफूल, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. सावरीचं ऐकून तिने लगेच वही काढली, आणि खडकाचा नाद सोडला नाहीये, पायथ्याशी खुर्ची मिळेल का म्हणून विचारते आहे. विश्वामित्रीकाठ, राजवाड्याला या रविवारी जातो.

एवढंच राहिलं: बॅटरीच्या गाड्या सकाळी किती वाजता सुरू होतात? आम्ही सातलाच गेटवर पोहोचू शकतो, पण गाडी उशिरा निघत असेल तर बहिणीला आधी नाश्ता करायला सांगते.