कट्यार: गाणी काळजात घुसली, पण गोष्ट?

लष्करकर
परवा इथे ग्वाल्हेरला आमच्याकडे सगळी मराठी मंडळी जमली होती, तेव्हा टीव्हीवर परत एकदा 'कट्यार काळजात घुसली' लावला, २०१५ चा, सुबोध भावेंचा. संपल्यावर सगळे अप्रतिम अप्रतिम करत होते आणि मी गप्प, कारण गाण्यांनी डोळ्यात पाणी आलेलं आणि गोष्टीचा राग आलेला, दोन्ही एकदम कसं बोलणार.

ज्यांनी नाही बघितला त्यांच्यासाठी: पंडितजी विश्रामपूरचे राजगायक, त्यांनीच मिरजेहून आणलेले खाँसाहेब दरवर्षी स्पर्धेत त्यांच्याकडून हरतात, शेवटी खाँसाहेबांची बायको पंडितजींना शेंदूर चारते, आवाज जातो, खाँसाहेब जिंकतात. आता सांगा, ज्या माणसाला गाण्यापलीकडे काही नाही तो वर्षानुवर्षं हरतोय, रोज पहाटे उठून रियाज करतोय आणि तरी हरतोय, त्याच्या पोटात काय होत असेल? खरा सिनेमा तिथे होता. तो शेंदरावर संपवला आणि पुढे खाँसाहेब सरळ खलनायक.

आपल्या ग्वाल्हेरात तर याहून जबर गोष्ट आहे हो. ग्वाल्हेर घराण्याचे गायक भाऊ हस्सू खाँ-हद्दू खाँनी दरबारातले मोठे गवई बडे महंमद खाँ यांचं गाणं पडद्याआड बसून ऐकून उचललं असं सांगतात, आणि पुढे महंमद खाँनी भर दरबारात हस्सूंना तीच अवघड तान परत घ्यायला लावली, त्यात बरगडी मोडून ते गेले. खरं किती, दंतकथा किती ते सोडा, पण त्यात शेंदूर लागत नाही. गाण्यानेच माणूस मरतो.

जिवाजीगंजची
दादा, नाही पटलं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, नाट्यसंगीत म्हटलं की कान झाकायची, ती 'सुर निरागस हो' ऐकून म्हणाली मला क्लास लाव. आज ती तानपुरा जुळवते. हे कुठल्या सिनेमाने केलंय आजवर? महेश काळेंना 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. आणि दोन-अडीच तासात रियाज किती दाखवणार? लोक उठून जातील.

लष्करकर
ताई, मुलीचं ऐकून फार बरं वाटलं, आणि गाण्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, राहुल देशपांडेंचं 'दिल की तपिश' तर मी रोज ऐकतो. पण लोक उठून जातील हे आपण आधीच का धरून चालायचं? जे लोक पाच-सहा मिनिटांचं पद श्वास रोखून ऐकतात ते रियाजाची तीन मिनिटं बघतील की.

तोडी_सकाळची
मला वेगळीच गोष्ट खटकते. हा सिनेमा ज्या नाटकावरून आला त्यात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत येतं, त्यातली वसंतराव देशपांडेंची सालगवराळी रागातली ऐकून बघा. १९६७ मध्ये दारव्हेकरांनी लिहिलं, अभिषेकीबुवांनी चाली दिल्या, आणि दोन घराण्यांत फरक काय हे त्या एका पदातून कानाला कळतं, कोणी समजवावं लागत नाही. सिनेमात सामना म्हणजे कोणाची तान लांब आणि कोण वर गेला एवढंच उरतं. आपल्या ग्वाल्हेर गायकीत आधी स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, नीट भरून मांडायचा, मग आलाप, बोलतान (शब्द घेऊन केलेली), सपाट तान (सरळ चढती-उतरती). हे धीराने मांडणं एकदा तरी कॅमेऱ्याने दाखवायला हवं होतं.

नयाबाजार
अहो पण विश्रामपूर काल्पनिक आहे! ते ग्वाल्हेर नाही, पंडितजी म्हणजे आपलं इथलं गवयांचं पंडित घराणं नाही. प्रत्येक गोष्टीला आपल्या गावाचं माप लावून कसं चालेल. नाटकातल्या माणसाला दुष्ट व्हायची मुभा असते. मला तर खाँसाहेब दुष्ट वाटलेच नाहीत, बायकोने केलेलं कळल्यावर तो माणूस आतून फुटतो ते बघा परत, सचिन पिळगांवकरांनी ते डोळ्यांत आणलंय. तुमचा राग गोष्टीवर कमी आणि तुमच्या मनातल्या सिनेमावर जास्त आहे असं स्पष्ट सांगतो.

लष्करकर
नयाबाजार काका, तो फुटण्याचा सीन चांगला आहे, कबूल, ते मी लिहायला हवं होतं. पण मग तो फुटलेला माणूस पुढे कुठे जातो? दुसऱ्या सीनला परत गर्विष्ठ. आणि पंडित घराण्याचं तुम्हीच काढलंत म्हणून, ग्वाल्हेर घराण्याचे उस्ताद निसार हुसेन खाँ दरबाराचा आधार गेल्यावर त्याच घरात राहिले ना, शंकरराव पंडितांना तिथेच शिकवलं, पुढे त्यांचे चिरंजीव कृष्णरावांनी ती गायकी देशभर नेली. मुसलमान उस्ताद ब्राह्मणाच्या घरात, एका छपराखाली. सिनेमात दोन घराणी, दोन धर्म एकमेकांसमोर उभे केलेत आणि शेवटी घाईघाईने गळाभेट, मला ते खोटं वाटतं कारण आमच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर ते खरंच घडलेलं आहे.

जिवाजीगंजची
हे निसार हुसेन खाँचं मला माहीत नव्हतं. माझं मत तेच आहे, सिनेमा मला आवडतो आणि आवडणार. पण आता माझाही एक प्रश्न. उमा पंडितजींची मुलगी, गाण्यात वाढलेली, बापाचा आवाज गेला तर सूड घ्यायला बाहेरून गाणं शिकायला आलेला सदाशिवच का लागतो? ती का नाही बसत खाँसाहेबांसमोर? काल मुलीने विचारलं हे, आणि मला उत्तर देता आलं नाही.

तोडी_सकाळची
ताई, हा प्रश्न तर आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.