पाचव्या मस्तिष्क नसेची गाठ: एका कागदावर ‘सी’, दुसऱ्यावर ‘एमपी’, याचा अर्थ काय?

इंद्रायणीकाठ

नमस्कार. माझी थोरली बहीण ४६ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिचा उजवा गाल आणि खालचा ओठ बधिर होऊ लागला. दातांचे दुखणे समजून एक दाढ काढली गेली, तरी बधिरपणा वाढतच राहिला. एकदा चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून चहा ओघळला आणि तो साडीवर सांडून मांडीला चटका बसेपर्यंत तिला कळलेच नाही. त्यानंतर आम्ही एमआरआय करून घेतला. उजव्या बाजूला कवटीच्या मधल्या खड्ड्यातून मागच्या खड्ड्यात गेलेली, डमरूच्या आकाराची, ३.८ सेंटिमीटरची गाठ असून ती ट्रायजेमिनल श्वानोमा, म्हणजे चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या पाचव्या नसेची गाठ असावी, असे अहवालात लिहिले आहे. एका शल्यविशारदांनी कागदावर ‘जेफरसन टाइप सी’ असे लिहिले आणि दुसऱ्यांनी नुसते ‘एमपी’. ‘सी’ म्हणजे आजाराची तिसरी पायरी आहे का? दोघांचे निदान वेगळे आहे का? शिवाय एका नातेवाइकांनी, चिरफाड न करता गॅमा नाइफने, म्हणजे नेमक्या किरणांनी हे बरे होते, असे सांगितल्यापासून ताई शस्त्रक्रियेला तयार होत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

मेंदूशल्य

मी कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रिया करतो. चित्रे न पाहता ताईंच्या उपचारांबद्दल निर्णय देणे योग्य होणार नाही, पण अक्षरांचा उलगडा नक्की करता येईल.

सर्वप्रथम एक भीती मनातून काढून टाका. यातले कोणतेही अक्षर गाठ किती वाईट आहे हे सांगत नाही. कर्करोगात टप्पे असतात तसा हा चढता क्रम नव्हे. गाठ कोणत्या दालनात बसली आहे एवढेच ही अक्षरे सांगतात आणि त्यावरून आत कोणत्या दाराने जायचे हे शल्यविशारद ठरवतो. श्वानोमा ही नसेच्या तंतूंना वेष्टण घालणाऱ्या श्वान पेशींची गाठ असते, सावकाश वाढते आणि जवळजवळ नेहमीच साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली असते.

पाचवी नस मेंदूच्या देठापासून निघून कवटीच्या मागच्या खड्ड्यातून पुढे येते, कानाच्या आतल्या टणक हाडाचे, म्हणजे पेट्रस हाडाचे टोक ओलांडते आणि मधल्या खड्ड्यात मेंदूच्या जाड आवरणाच्या, म्हणजे ड्यूराच्या दोन थरांमधल्या एका कप्प्यात शिरते. हा कप्पा म्हणजे मेकेल्स केव्ह. तेथून तिचे तीन फाटे फुटून एक डोळ्याकडे, एक वरच्या जबड्याकडे आणि एक खालच्या जबड्याकडे कवटीबाहेर पडतो. गाठ या वाटेवर कुठेही उगवू शकते. कवटीतले बहुसंख्य श्वानोमा आठव्या, म्हणजे तोल आणि श्रवणाच्या नसेचे असतात. त्याखालोखाल पाचवीचा क्रमांक लागतो, पण तो फार मागे, म्हणूनच अनेक डॉक्टरांच्या पाहण्यात अशी गाठ क्वचितच येते.

मँचेस्टरचे जेफरसन यांनी १९५० च्या दशकात, सीटी किंवा एमआरआय यांपैकी काहीही नसताना, या गाठींची विभागणी केली: मधल्या खड्ड्यातली ‘ए’, मागच्या खड्ड्यातली ‘बी’ आणि दोन्हीकडे पसरलेली डमरूसारखी ‘सी’. कवटीबाहेर उतरणाऱ्या गाठींसाठी ‘डी’ नंतर जोडले गेले. पुढे १९९९ मध्ये जपानच्या योशिदा आणि कावासे यांनी मधल्या खड्ड्याला ‘एम’, मागच्याला ‘पी’ आणि कवटीबाहेरच्या भागाला ‘ई’ अशी अक्षरे देऊन त्यांच्या जोड्या केल्या. म्हणजे एका डॉक्टरांचे ‘सी’ आणि दुसऱ्यांचे ‘एमपी’ ही एकाच गाठीची दोन नावे आहेत. मला स्वतःला दुसरी पद्धत अधिक उपयोगाची वाटते, कारण गाठ ड्यूराच्या आत आहे, दोन थरांमध्ये आहे की ड्यूराबाहेर, हा विचार तिच्या मुळाशी आहे आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेमका तोच प्रश्न पुढे उभा राहतो.

मधल्या खड्ड्यातला भाग दोन थरांच्या मध्ये असल्यामुळे ते थर हलकेच सोलून गाठीपर्यंत पोहोचता येते आणि कानशिलामागचा मेंदू ड्यूराच्या आड सुरक्षित राहतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातून डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा ७३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. इतक्या दुर्मीळ गाठीच्या बाबतीत ही संख्या खूप मोठी आहे, आणि आपल्याकडे या शस्त्रक्रियेचा अनुभवच नाही असे कोणी म्हटले तर ते बरोबर नाही.

मागच्या खड्ड्यातला भाग काढायला कधी पेट्रस हाडाचे टोक घासून पुढून वाट करावी लागते, तर कधी कानामागून जावे लागते. पुष्कळदा गाठीनेच ते टोक कुरतडलेले आणि मेकेल्स केव्हचे तोंड रुंद केलेले असते. मग पुढची बाजू पोकळ झाल्यावर मागचा भाग त्याच वाटेने पुढे ओढून घेता येतो. गाठीचे कवच उघडले की आतला पिवळसर, मऊ गर सूक्ष्म कंपनांच्या यंत्राने शोषून घेतात आणि मग कवच सगळ्या बाजूंनी हळूहळू आत दुमडतात. त्या कवचावर नसेचे उरलेले तंतू भिजलेल्या दोऱ्यांसारखे चपटे होऊन पसरलेले दिसतात. त्यांतला एकेक तंतू वाचवण्यात सर्वाधिक वेळ जातो आणि जायलाच हवा.

गोदातीर

सहा वर्षांपूर्वी माझी अशीच गाठ काढली, डाव्या बाजूची. डॉक्टरांनी शास्त्र समजावले आहेच, म्हणून मी फक्त नंतरचे सांगते. शस्त्रक्रियेनंतर काही महिने माझा बधिरपणा कमी न होता उलट वाढला होता. नंतर कपाळाची जाणीव परत आली, गालाची अर्धवटच आली. जेवताना भाताची शिते गालात साठून राहत आणि मला ती कळत नसत, म्हणून प्रत्येक जेवणानंतर आरशासमोर चूळ भरायची सवय मी लावून घेतली, ती आजही आहे. गरम पदार्थ नेहमी दुसऱ्या बाजूने खाते.

सगळ्यांत महत्त्वाचा डोळा. बुबुळावरचा पारदर्शक पडदा बधिर झाला की धूळ गेलेली कळत नाही, डोळा चोळला जातो आणि जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि दुचाकीवर चष्मा, यांत मी कधीच खंड पडू दिला नाही. ताईंच्या डोळ्याची संवेदना नेत्रतज्ज्ञांकडून आताच तपासून घ्या. शस्त्रक्रियेची वाट पाहू नका.

इंद्रायणीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. ‘सी’ म्हणजे काय हे ताईला वाचून दाखवले आणि ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली. आता प्रश्न गॅमा नाइफचा उरला आहे. गोदातीर, तुम्हाला तो पर्याय दिला गेला होता का?

गोदातीर

विचारले होते. गाठ मेंदूच्या देठाला टेकली असल्यामुळे आधी दाब उतरवायला हवा, असे सांगण्यात आले.

मेंदूशल्य

तेच कारण ताईंनाही लागू पडण्याची शक्यता आहे. गॅमा नाइफमध्ये गाठ काढली जात नाही. नेमक्या किरणांनी तिची वाढ रोखली जाते. साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतच्या, देठावर दाब न देणाऱ्या गाठींसाठी तो उत्तम पर्याय आहे आणि वयस्कर रुग्णांना मी स्वतः त्याचाच सल्ला देतो. परंतु किरणांनंतर पहिल्या काही महिन्यांत गाठ तात्पुरती फुगू शकते, आणि ३.८ सेंटिमीटरची गाठ देठाला चिकटलेली असेल तर तेवढी सूज सोसायलाही आत जागा नसते. उलट, शस्त्रक्रियेत कॅव्हर्नस सायनसमध्ये, जिथून डोळा हलवणाऱ्या नसा आणि मेंदूची मुख्य धमनी जाते, थोडा भाग चिकटून राहिला, तर तो ओढून काढण्यापेक्षा सोडून द्यावा, एमआरआयने लक्ष ठेवावे आणि वाढला तरच किरण द्यावेत. त्या शेवटच्या तुकड्यासाठी रुग्णाला कायमचे दुहेरी दिसू लागणे मला मान्य नाही.

दोन्ही डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. देठावर दाब किती आहे, सीटीमध्ये पेट्रस हाडाचे टोक किती झिजले आहे, आणि गाठीचा मोठा भाग पुढे आहे की मागे. पुढून जायचे की कानामागून, हे मुख्यतः याच उत्तरांवरून ठरेल. एमआरआयमध्ये दुसरीकडेही गाठी दिसल्या असतील किंवा घरात कोणाला दोन्ही कानांच्या नसांच्या गाठी झाल्या असतील तर तेही सांगा, कारण मग आनुवंशिक आजाराची तपासणी करावी लागते. आणि सीटी अजून झाला नसेल तर तो आधी करून घ्या. हाडाची झीज एमआरआयवर नीट दिसत नाही.